शुक्रवारी लूम बंद असतात

माझ्याकडून विज्ञानाची थोडीफार सेवा झालेली आहे. आमच्या गल्लीत कुणाला विचारलंत तर तो आधी हसेल, मग तुम्हाला तळमजल्यावरच्या चाचांकडे पाठवेल. चाचा सांगतील की सेवा त्यांनी केली, मी फक्त मध्ये मध्ये आलो. त्यात बरंच तथ्य आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी भिवंडीत राहतो आणि जवळच काल्हेरच्या एका गोडाउनमध्ये डिस्पॅच बघतो. कुठला खोका कुठल्या गाडीत चढला, एवढं कॉम्प्युटरला सांगायचं. वीस वर्षं हे केलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला कॉम्प्युटर येतो. माझ्या बहुतेक फजित्या या एका समजुतीतून निघालेल्या आहेत.

घरी एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता. एक दिवस वाचनात आलं की जगभरातले साधे लोक आपले रिकामे कॉम्प्युटर संशोधनाला वापरू देतात. कुणी ताऱ्यांसाठी, कुणी औषधांसाठी. मला सापडलेला प्रकल्प खुद्द इंटरनेटचाच अभ्यास करणारा होता. एक छोटा प्रोग्राम घरी बसवायचा. तो दर थोड्या वेळाने तपासून बघणार की अमुक साइट उघडते का, साधी फाइल किती वेगाने येते, व्हिडिओ कॉलसारखा डेटा किती वेगाने जातो, आणि कनेक्शन देणारा मध्येच कशाला अडवतो का. घरातलं कोण काय बघतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आकडे संशोधकांकडे जाणार आणि आपल्याला एका पानावर त्यांचा आलेख दिसणार. यात माझं काम काय, तर कॉम्प्युटर चालू ठेवणं. इतकं माझ्या स्वभावाला जमणारं काम मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

मी बायकोला सांगितलं, "आजपासून मी संशोधनात आहे."

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "मग आधी गॅसचं कार्ड कुठे ठेवलंय ते शोधून द्या."

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत ज्याचं खरोखर काही जाणार होतं ते माणूस म्हणजे ती. तिने अठरा वर्षं एका खाजगी शाळेत गणित शिकवलं. मग शाळेने मराठी माध्यमाचे वर्ग बंद केले आणि ती घरी बसली. दोन वर्षं बसली. त्या दोन वर्षांत तिने घर इतकं आवरलं की मला माझी एकही वस्तू सापडेना. मग एका संस्थेने तिला ऑनलाइन तुकडी दिली. दहावीचं गणित, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, रविवारी सुट्टी. मुलं कुठली कुठली, खेड्यांतली, जिथे गणिताचे सर पावसाळ्यात येतात आणि हिवाळ्यात बदली होऊन जातात. पहिल्या दिवशी तास संपल्यावर ती बाहेर आली आणि उगाचच चहा टाकला. दोघांनाही नको होता, तरी प्यालो. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोटांना खडूच्या जागी मार्करची शाई लागलेली होती.

आणि मी काय केलं? प्रोग्राम बसवताना त्याने विचारलं होतं, कॉम्प्युटर रिकामा असतानाच चालू, की कायम चालू? लाइन किती वापरू, थोडी की पूर्ण? माणसाने सेवा करावी तर मोकळ्या हाताने करावी असं मला वाटतं. मी "कायम" आणि "पूर्ण" वर टिचकी मारली. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी बायकोचा आवाज वर्गात तुटत होता. मुलांना "वर्गमूळ" मधलं फक्त "मूळ" ऐकू जायचं. ती राऊटरवर हात ठेवून बघायची, ताप आलाय का ते. मी शेजारच्या खोलीत आलेख बघत असायचो आणि म्हणायचो, "बघ, या केबलवाल्याची लाइन किती वाईट आहे. आता पुराव्यानिशी दिसतंय."

संस्थेकडून पहिली लेखी तक्रार आली ती त्या आठवड्याची. आपलाच प्रोग्राम आपली लाइन पितोय हे माझ्या ध्यानात यायला पुढचे चार दिवस गेले. मी गुपचूप सेटिंग बदललं. चाचणी अगदी हलकी ठेवली, एखादं पान उघडायला लागेल तेवढीच. बायकोला सांगितलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.

पुढचं मात्र माझ्या माथी मारू नका. प्रोग्राम आवरल्यावरही तास तुटतच राहिला. सात वाजले की चित्र गोठायचं, तोंड उघडं ठेवून बायको पडद्यावर पुतळ्यासारखी थांबायची आणि मुलं खाली लिहायची, "मॅडम, दिसत नाही". दुसरी तक्रार आली. तिच्यासोबत निरोप होता की या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पर्यवेक्षक बाई स्वतः वर्गात बसतील. तो तास तुटला तर तुकडी दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल.

कनेक्शन बदला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गल्लीत एकाच केबलवाल्याची वायर येते. बाकीच्या कंपन्या दर वेळी "पुढच्या महिन्यात येतो" म्हणतात. फोन लागतो, पण मोबाइलचं इंटरनेट दोन्ही बाजूंच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमधून आमच्या घरापर्यंत येताना दमून जातं. गॅलरीच्या एका कोपऱ्यात दोन कांड्या दिसतात, पण तिथे कबुतरं आधीपासून राहतात.

म्हणून मी आलेखांचे कागद छापून केबलवाल्या शेठच्या ऑफिसात गेलो. ऑफिस सुताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. शेठ वयाने माझ्याएवढे, पांढरा शर्ट, समोर तीन मोबाइल. बाजूला टेक्निशियन. तो शेजारच्या राहनाळ गावचा, आमच्या गल्लीतली प्रत्येक वायर त्याने ओढलेली.

मी खुर्चीत नीट बसलो. घसा साफ केला. "शेठ, तुम्ही रोज दुपारी दीड वाजता व्हिडिओ कॉलचा वेग पाडता. साधी फाइल पळते, कॉल रांगतो. माझ्याकडे शास्त्रीय पुरावा आहे."

"दुपारी दीड?"

"दीडच्या ठोक्याला. रोज."

शेठनी कागद उचलला, तारखा बघितल्या आणि टेक्निशियनकडे सरकवला. टेक्निशियनने एका तारखेवर बोट ठेवलं. "साहेब, या मंगलवारी तुमच्या गल्लीत लाइट नव्हती. साडेबारापासून साडेतीनपर्यंत. डीपीचं काम होतं. तुमचा कॉम्प्युटर काय हवेवर चालतो?"

शेठ हसले. सभ्य माणूस हसतो तसं आधी नाकातून, मग पोटातून. "भाई, तुमचं दुखणं संध्याकाळचं आणि तुम्ही रिपोर्ट दुपारचा आणलात. ये तो दूसरे पेशंट का एक्सरे है."

मी निघायच्या बेतात होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, हे आकडे मोजतो कोण? आणि मी, हसं झालेला माणूस अब्रू सावरायला जे करतो तेच केलं. प्रकल्प, जगभरचे स्वयंसेवक, चोवीस तास चालणारं यंत्र, सगळं अभिमानाने सांगितलं. प्रकल्पाचा पत्तासुद्धा त्यांच्याच कागदावर लिहून दिला, स्पेलिंगसकट.

संध्याकाळपर्यंत तो पत्ता आमच्या लाइनवर उघडायचा बंद झाला. मोबाइलवर मेसेज आला की घरगुती कनेक्शनवर चोवीस तास यंत्र चालवणं नियमात बसत नाही. चोराला मीच कुलपाची किल्ली, घराचा नकाशा आणि वर चहा देऊन आलो होतो.

बायको रागावली नाही. ती रागावते तेव्हा मला बरं वाटतं, निदान बोलते तरी. तिने छापलेले कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चष्मा लावला.

"मंगळवारी लाइट गेली होती ना, मग आलेखात रिकामी जागा असेलच," ती म्हणाली. "कुठाय ती?"

आम्ही शोधली. रिकामी जागा होती, पण सकाळी सात ते दहा.

"पण सकाळी लाइट होती. मी इस्त्री केली." तिने कागदाच्या कडेला पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या. मला दहावीत पाहूनही कधी समजल्या नसत्या अशा सरळ ओळी. "साडेबारातून सात गेले, साडेपाच. साडेतीनची वेळ पंधरा-तीस, त्यातून दहा गेले, साडेपाच. अहो, तुमचा आलेख इथल्या घड्याळावर नाहीच. संशोधक सगळ्या जगासाठी एकच घड्याळ लावत असणार. आपलं त्याच्या साडेपाच तास पुढे."

मी दीडमध्ये साडेपाच मिळवले. सात झाले.

संध्याकाळचे सात. रोज, ठोक्याला. आणि साडेपाचला संपणारी घसरण म्हणजे आपल्याकडचे अकरा. पानाच्या खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलंही होतं. मी बारीक अक्षरं वाचत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी शेठना फोन केला. "दीड नाही, सात. घड्याळाचा घोळ झाला होता."

शेठ म्हणाले, "सातला ना? हां, बरोबर. सातला लूमची शिफ्ट बदलते. सगळे लूम एकदम सुरू होतात, लोड येतो, व्होल्टेज हलतं, आमची मशीन गडबडते. आता तुमचं सगळं शहरच लूमवर आहे, त्याला मी काय करणार?"

मी फोन ठेवला तेव्हा मला ते पटलं होतं. खरं सांगतो, पूर्ण पटलं होतं. भिवंडीत सगळ्याचं कारण लूमच असतं. झोप का होत नाही, लूम. ऐकू का कमी येतं, लूम. मुलगी देताना लोक विचारतात, घराच्या किती जवळ लूम. शेठनी कारण असं निवडलं होतं की इथला माणूस उलट प्रश्न विचारणारच नाही.

हरलेल्या मनाने मी खाली चाचांकडे जाऊन बसलो. चाचा सत्तरीचे, चार पिढ्या भिवंडीत. चाळीस लूम चालवले, आता मुलगा बघतो. चाचा दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून आवाजावरून सांगतात कुठल्या लूमचा धोटा अडकला. मी सगळं सांगितलं. दीडची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले. लूमची सांगितली तेव्हा हसू थांबलं.

"काय बोलला तो? लूममुळे?"

"हो. सातला शिफ्ट बदलते म्हणाला."

"रोज होतंय हे? सातला?"

"रोज."

"जुम्म्याला पण?"

मी बोटांवर वार मोजायला लागलो.

"अरे बाबा, शुक्रवारी लूम बंद असतात," चाचा म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "तू इथे जन्मलास ना? शुक्रवारी आख्ख्या भिवंडीत खटखट नाही. मग त्या दिवशी कुणाचा लोड येतो, माझ्या दाढीचा?"

मी दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो. कागद काढले. दोन शुक्रवार होते. दोन्ही शुक्रवारी सात वाजता, इकडे तिकडे एक मिनिटही नाही, व्हिडिओ कॉलची रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली. साध्या फाइलची रेषा सपाट, निवांत. माझी सुट्टी रविवारी. शुक्रवार माझ्यासाठी गाड्या भरायचा दिवस. म्हणून आयुष्यभर ज्या शांततेत मी शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो, ती मला कागदावर दिसली नाही.

चाचा दुसऱ्याच दिवशी वर आले, धापा टाकत. "तो तुझा संशोधनवाला माझ्या कॉम्प्युटरवर पण बसव. माझ्या लूमवर नाव घेतो काय."

त्यांच्या घरी डिझाइन काढायचा एक जुना कॉम्प्युटर होता, आणि कनेक्शन त्याच शेठचं. मी म्हटलं, एका घराचा आकडा म्हणजे तक्रार, दोन घरांचा म्हणजे पुरावा. चाचा म्हणाले, जास्त बोलू नको, बसव. या वेळी मी "रिकामा असतानाच" आणि "थोडी" वर टिचकी मारली. चाचांनी मागे उभं राहून विचारलं, "पहिल्या वेळी काय दाबलं होतंस?" मी विषय बदलला.

अडचण एकच होती, प्रकल्पाचा पत्ता आमच्या लाइनवर बंद. पण प्रोग्राम मोजलेले आकडे फाइलमध्ये साठवत होता, आणि ती फाइल दुसरीकडून पाठवता येत होती. मग मी रोज सकाळी दोन्ही कॉम्प्युटरच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्यायचो, तो डब्याच्या पिशवीत टाकायचो आणि काल्हेरला जेवणाच्या सुट्टीत गोडाउनच्या लाइनवरून पाठवायचो, नवे आलेखही तिथूनच छापून आणायचो. मॅनेजरला रीतसर विचारलं होतं. ते म्हणाले, "इंटरनेटची माहिती स्कूटरवरून?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "रस्त्याची हालत बघता लाइनपेक्षा तू लवकर पोचतोस हीच बातमी आहे." एकदा पेनड्राइव्हला लोणच्याचं तेल लागलं. त्या दिवशीचे आकडे संशोधकांना थोडे उशिरा मिळाले, एवढंच.

इकडे बायको कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर वर्ग ओढत होती. भूमिती आवाजावर शिकवणं म्हणजे काय ते मी दाराआडून ऐकलं. "आता क पासून सरळ खाली या. या खाली. थांबा. तिथे काटकोन." मुलंही हुशार, कागदावर बरोबर काटकोनात थांबायची. पण पर्यवेक्षक बाईंना फळा दिसायला हवा होता. एकदा ताट वाढताना ती म्हणाली, "तुमचं संशोधन पूर्ण होईल हो. पण त्याआधी माझी मुलं जातील." आवाज साधाच होता. मी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला तेव्हा आमच्याकडे दोन घरांचे मिळून पुरेसे शुक्रवार जमले होते. बायकोने सगळे आलेख आपल्या घड्याळात आणून एका कागदावर एकाखाली एक काढून दिले, माझ्या हातून पुन्हा काही चुकू नये म्हणून. "तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "कागद ठेवा आणि चाचांना बोलू द्या." तिला यायचं होतं, पण सातला तिचा तास. आम्ही साडेसहाला निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि चाचा, असं मला वाटत होतं. खाली आलो तर चाचांच्या बाकड्यापाशी पाच लूममालक उभे. चाचांनी दुपारच्या नमाजनंतर सगळ्यांना सांगितलं होतं की केबलवाला लूमला बदनाम करतो. त्यांना व्हिडिओ कॉलचं काही पडलेलं नव्हतं. एकाने तर मला विचारलं, "हे कॉलवर गणित शिकवायचं काय आहे?" पण लूमवर आळ आला होता, आणि प्रत्येकाकडे शेठची दोन-दोन, तीन-तीन कनेक्शनं होती.

सातजण ऑफिसात शिरलो तेव्हा शेठ उभे राहिले. खुर्च्या तीनच होत्या. चाचा बसले, बाकी उभे.

मी कागद ठेवला आणि, बायकोचं ऐकायचं ठरवून आलो होतो तरी, तोंड उघडलं. "शेठ, या आलेखातल्या उभ्या अक्षावर..."

"तू गप," चाचा म्हणाले. "शेठ, सातला नेट का पडतो?"

शेठनी मान हलवली. "चाचा, तुम्हाला काय सांगायचं. लूमचा लोड. सात वाजता तुमच्याच शिफ्ट बदलतात ना."

"आज पण पडेल?"

"रोज पडतो. आज पण पडेल. मी काय करू?"

"मग ऐक," चाचा म्हणाले.

शेठ ऐकायला लागले. त्यांना वाटलं चाचा काही बोलणार आहेत. चाचा काही बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. खिडकी उघडी होती. खालून एक रिक्षा गेली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. लांबून पोरं क्रिकेट खेळताना भांडत असल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट, कोण आउट आणि कोण नाही ते कळावं इतका. इतर सहा दिवस त्या खिडकीतून यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

शेठचा चेहरा हळूहळू बदलला. ते इथलेच. त्यांना कळायला मला लागला तेवढा वेळ लागला नाही.

"लूममुळे पडतो, तर तसं लिहून दे," पाचांमधला एक म्हणाला. "सही करून. आम्ही वीजवाल्यांना दाखवतो."

शेठनी पेनाकडे बघितलंसुद्धा नाही. टेक्निशियन इतका वेळ दाराला टेकून होता. तो कागद बघत हळूच म्हणाला, "शेठ, व्होल्टेजला फाइल कुठली अन् कॉल कुठला ते समजत न्हाय. यांनी बरोबर धरलंय. ते सेटिंग आपणच लावलेलं हाय."

मग सगळं बाहेर आलं. संध्याकाळी लोक शेठच्या पॅकेजमधले सिनेमे बघतात. ते अडकले की फोन येतात, शिव्या येतात. म्हणून सात ते अकरा व्हिडिओ कॉल आवळून ठेवायचे, सिनेमे मोकळे सोडायचे. "कॉल कोण करतो संध्याकाळी?" शेठ म्हणाले. "मला वाटलं, मामा-मावशीशी गप्पा मारतात. थोडं अडकलं तर काय बिघडतं."

तेव्हा मात्र मी बोललो, आणि या खेपेला चाचांनी गप केलं नाही. म्हटलं, "शेठ, आत्ता सात वाजायला चार मिनिटं आहेत. माझी बायको दहावीच्या मुलांसमोर बसलीय. आज तिची परीक्षा आहे. तुमचं सेटिंग सातला लागेल आणि तिची तुकडी जाईल. अठरा वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे. तिला पुन्हा घरी बसवायचं की नाही ते तुमच्या बटणावर आहे."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग टेक्निशियनकडे. "निकाल दे वो," ते म्हणाले.

"सगळ्या गल्लीचं?"

"सगळ्या गल्लीचं. और इनका वो पत्ता भी खोल दे."

टेक्निशियन कॉम्प्युटरसमोर बसला. मी आजवर गोडाउनमध्ये हजारो खोके स्कॅन केले असतील, पण माणसाच्या दोन बोटांकडे इतकं टक लावून कधी बघितलं नाही. सहा अठ्ठावन्नला तो म्हणाला, "झालं." आम्ही आठ माणसं त्या छोट्या पडद्याभोवती वाकलो. सहा एकोणसाठ. सात. सात वाजून एक. आमच्या गल्लीच्या व्हिडिओ कॉलची रेषा पडली नाही. सात वाजून पाच. कड्याच्या जागी रेषा सरळ पुढे चालत गेली, मुकाट्याने, जसं काही कडा तिथे कधी नव्हताच. ज्याला व्हिडिओवरचं गणित माहीत नव्हतं त्या लूममालकाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा शेठच्या टेबलावर पडला. चाचांनी शेठच्याच पैशांनी सगळ्यांना चहा मागवला, आणि शेठनीही तो प्यायला.

इथे माझ्या जागी शहाणा माणूस असता तर चहा पिऊन घरी गेला असता. मला राहवेना. मी जिन्यात आलो आणि बायकोला फोन लावला. ही बातमी तिला पहिल्यांदा माझ्याकडून कळावी एवढाच हेतू. तिने उचलला नाही, म्हणून पुन्हा लावला. तिने कापला, म्हणून तिसऱ्यांदा लावला.

ती त्या दिवशी फळ्याच्या जागी वही दाखवत होती, आणि वहीवर कॅमेरा म्हणून स्टँडला लावलेला होता तिचा मोबाइल. त्याचाच पडदा सगळ्या वर्गाला दिसत होता. वाय-फायवर, नीट, न तुटता. पर्यवेक्षक बाई बघत होत्या, मुलं बघत होती, वर्गसमीकरणाचा दुसरा टप्पा चालू होता. तेवढ्यात समीकरणाच्या जागी सगळ्यांच्या पडद्यावर माझा फोटो आला. लग्नातला, मुंडावळ्यांसकट. तीनदा.

संपूर्ण महिन्यात पहिल्यांदाच लाइन तुटली नव्हती. तास तुटला तो माझ्यामुळे.

मी घरी पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. बायको खुर्चीत बसून होती आणि डोळे पुसत होती. मी दारातच थांबलो. मग दिसलं की ती हसते आहे, आवाज न करता, खांदे हलवत, पडद्यावर अजून पर्यवेक्षक बाई आहेत म्हणून. बाईंचा आवाज येत होता, स्वच्छ, एकही शब्द न गळता. "नाही हो मॅडम, तांत्रिक बिघाड म्हणून कसं लिहू? मी घरगुती कारण असं लिहिलंय. ते किती दिवस राहील?"

"कायमचं आहे," बायको म्हणाली.

"मग तसं लिहिते. तुकडी तुमच्याकडेच राहील. आणि जूनपासून नववीची पण घ्याल का? मुलांनी मला खाली लिहून विचारलंय, धाकट्या भावंडांसाठी."

बायकोने "घेईन" म्हटलं. एवढंच म्हटलं, पण त्याआधी ती खुर्चीत सरळ झाली, शाळेत घंटा झाली की व्हायची तशी, आणि टेबलावरची मार्करं एका रांगेत लावायला लागली. मी दारातच उभा होतो. तिने माझ्याकडे न बघता, माईक बंद करून, विचारलं, "काय सांगायचं होतं तीन-तीनदा?"

"काही नाही," मी म्हटलं. "लाइन चालू झाली."

"दिसलं," ती म्हणाली, आणि माईक चालू करून नववीच्या वेळा लिहून घ्यायला लागली.